मिरचीची शिंक आणि कोलेस्टेरॉलची गोळी

नंदुरबारात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या की माझ्या मेडिकलवर सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, मागणाऱ्यांची रांग लागते. आता एक मेसेज फिरतोय: ‘ॲलर्जीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी सोबत घेतली तर लिव्हर-किडनी खलास. दोन्हींत बारा तासांचं अंतर ठेवा, नाहीतर शिंका थांबेपर्यंत कोलेस्टेरॉलची बंद करा.’ परवा एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, ती गोयी मी बंद करी टाकी.” पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे. तेव्हापासून मला चैन नाही.

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच, बंद करा. ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी (अशा औषधांना स्टॅटिन म्हणतात), थांबवलं की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा मूळ पदावर येतं. स्टेंटवाल्याने ते सर्दीसाठी सोडायचं?

सोबत घेण्याबद्दल म्हणाल, तर सेटिरिझिन बहुतांश जसंच्या तसं लघवीतून निघून जातं आणि ॲटोरव्हास्टॅटिनचं विघटन यकृतात होतं. दोघांच्या वाटा वेगळ्या. लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या गोळ्यांचंही स्टॅटिनशी भांडण नाही. किडनीचा आजार असेल तर सेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, पण तो स्टॅटिन नसतानाही.

मग ही भीती पूर्णपणे खोटी आहे का? नाही. धोका आहे, तो दुसऱ्याच गोळीचा. सर्दी छातीत उतरली की कधी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. खाजेला आपण सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतो, पण ती गजकर्णाची निघाली तर इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची कॅप्सूल मिळते. या दोन्ही औषधांमुळे ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन (दुसरं एक स्टॅटिन) मोडणारं यकृतातलं एन्झाइम अडतं. स्टॅटिन रक्तात साचतं, स्नायू तुटू लागतात आणि त्याचा मार किडनीवर बसतो. सिमव्हास्टॅटिनसोबत तर ही दोन्ही द्यायचीच नसतात. इथे बारा तासांचं अंतरही उपयोगाचं नाही, कारण एन्झाइमवरचा पगडा तेवढ्यात सुटत नाही. अशा वेळी काही दिवस स्टॅटिन थांबवायचं, डोस कमी करायचा की दुसरं औषध द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात.

मावशींच्या पिशवीत लेव्होसेटिरिझिनच होतं. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, रात्रीपासून कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा सुरू झाली. जाताना त्यांना एवढंच सांगितलं: मांड्या-दंड विनाकारण दुखू लागले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची.