‘जुन्या सोलर इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी थेट जोडा’ या सल्ल्याला उत्तर

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : घरच्या जुन्या सोलर इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी काढा आणि त्याच वायरींवर लिथियम बॅटरी जोडा, बाकी काहीही बदलावे लागत नाही, बॅकअप दुप्पट होतो, बॅटरी दोन तासांत भरते, दहा वर्षे तिच्याकडे बघावे लागत नाही, आगीची भीती नाही, जुनी बॅटरी बरी असेल तर तीही सोबत जोडून ठेवा, नसेल तर भंगारात द्या. लिथियम बॅटरी ट्युब्युलरपेक्षा, म्हणजे इन्व्हर्टरच्या नेहमीच्या ॲसिडच्या बॅटरीपेक्षा, अनेक बाबतींत सरस आहे याबद्दल माझे दुमत नाही, आणि माझ्या घरीही आज तीच आहे. परंतु ‘बाकी काहीही बदलावे लागत नाही’ या एका वाक्यावर विसंबून मी स्वतःचे नुकसान करून घेतले आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीची आणखी काही घरे त्याच वाटेने निघालेली दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

मुळात या मजकुरात ‘लिथियम’ म्हणजे कोणती बॅटरी हेच सांगितलेले नाही. घरच्या सोलरसाठी जी योग्य मानली जाते ती लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि असे चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते, जी १४.६ व्होल्टला काठोकाठ भरते. योगायोगाने हा आकडा ॲसिडच्या बॅटरीच्या चार्जिंगच्या जवळचा आहे, आणि ‘थेट जोडा’ या समजुतीचे मूळ इथेच आहे. पण गाड्यांच्या जुन्या पॅकमधून काढलेले निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचे सेलही ‘लिथियम बॅटरी’ म्हणूनच स्वस्तात विकले जातात. त्यांचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो. असे तीन सेल ओळीने जोडून ‘बारा व्होल्ट’ म्हणून विकलेली बॅटरी जुन्या चार्जरच्या १४.४ व्होल्टवर लावली, तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्टचा दाब येऊ पाहतो, आणि तो अडवायला बॅटरीतील बीएमएस नावाच्या संरक्षक सर्किटखेरीज मध्ये काहीही उरत नाही. असे पॅक घरात आणूच नयेत, हे मी कोणतीही पुस्ती न जोडता सांगेन.

आता मुख्य दाव्याकडे येतो. देवरुखजवळच्या आमच्या घरी कौलांवर दीडशे वॅटची दोन पॅनेल, वीस अँपिअरचा साध्या पीडब्ल्यूएम जातीचा चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र), ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि पडवीत १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी अशी जुनी मांडणी होती. विक्रेत्याच्या माणसाने वीस मिनिटांत ट्युब्युलर काढली, वायरींच्या त्याच लग्जवर (टोकांच्या धातूच्या कड्यांवर) १०० अँपिअर-अवरची लिथियम आवळली आणि ‘झाले काम’ म्हणून तो निघून गेला. तीन आठवडे सारे सुरळीत चालले. मग एप्रिलमधल्या एका लख्ख दुपारी इन्व्हर्टर एकसारखा बीप करू लागला, पडवीतला कंट्रोलरवर जोडलेला बारा व्होल्टचा एलईडी दिवा क्षणभर डोळे दिपतील इतका प्रखर झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सोडून विझला. मी मीटर लावला, तेव्हा बॅटरीकडे जाणाऱ्या वायरींवर आकडा तेरावरून एकोणीस-वीसवर उड्या मारत होता.

याचे कारण समजून घ्यायला विजेचे फार शिक्षण लागत नाही. ॲसिडच्या बॅटरीला ठरावीक दिवसांनी थोडे जास्त व्होल्टेज देऊन सर्व सेल सारखे करावे लागतात, कारण तिच्यातले पाणी आणि ॲसिड थरांनी वेगळे होऊ लागते; म्हणून जुने कंट्रोलर महिन्याभराने आपोआप १४.८ किंवा त्याहून वर जातात. ट्युब्युलरला हे औषध आहे. लिथियमला त्याची गरज नसते, आणि एखाद्या सेलने ३.६५ व्होल्टच्या आसपासची मर्यादा ओलांडली की बीएमएस त्या क्षणी चार्जिंगचा मार्ग तोडतो. बॅटरी बाजूला होताच उन्हातले पॅनेल आपल्या मोकळ्या, म्हणजे काहीही न जोडता असणाऱ्या, व्होल्टेजकडे धावते, आणि ‘बारा व्होल्ट’ म्हणवणाऱ्या छत्तीस सेलच्या पॅनेलचे मोकळे व्होल्टेज एकवीस-बावीस असते. ते झटके बॅटरीने शोषावेत हे गृहीत धरूनच स्वस्त कंट्रोलर बनवलेला असतो. बीएमएसने स्वतःचे काम चोख केले, बॅटरी वाचली. किंमत मोजली ती दिव्याने आणि नंतर कंट्रोलरने.

हाच दोष हवामानाच्या बाजूनेही शिरतो. ॲसिडसाठी बनवलेले अनेक कंट्रोलर तापमान पाहून व्होल्टेज कमी-जास्त करतात : पंचवीस अंशांपासून खाली दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण २४ मिलिव्होल्ट वाढवतात आणि वर गेल्यास तेवढेच घटवतात. नाशिककडे डिसेंबरच्या सकाळी पारा दहावर असेल, तर १४.४ चे १४.७६ होतात आणि बीएमएस तोडण्याच्या उंबरठ्यावर येतो. अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना तेच १३.९ वर उतरतात. तेवढ्या व्होल्टेजवर लिथियम जवळजवळ भरते खरी, पण तिचे चार सेल एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम वरच्या टोकालाच होत असल्याने ते अर्धवट राहू शकते. लिथियमसाठी ही तापमानाची सोय बंदच असायला हवी, आणि जुन्या कंट्रोलरमध्ये ती बंद करण्याचे बटण बहुधा नसते.

म्हणून निदान चार्ज कंट्रोलर बदलावा लागतो, किंवा ज्यात व्होल्टेज हाताने ठरवता येते असा असेल तर त्याची मांडणी बदलावी लागते. मी नवा एमपीपीटी जातीचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, कंट्रोलर घेतला. त्यात चार्जिंग १४.२, फ्लोट (भरल्यानंतर बॅटरीवर टिकवून ठेवायचे व्होल्टेज) १३.५, सेल सारखे करणारे ते समतोल चार्जिंग बंद आणि तापमानाची दुरुस्ती शून्य असे ठेवले आहे. इन्व्हर्टर मात्र जुनाच राहिला, कारण त्याच्या मागे ट्युब्युलर, फ्लॅट आणि एसएमएफ (पाणी न घालावे लागणारी बंद बॅटरी) असा ॲसिडच्या बॅटरीचा प्रकार निवडण्याचा खटका आहे. तो एसएमएफवर ठेवून, महावितरणच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरेपर्यंत मी मीटर लावून बसलो आणि आकडा १४.२ च्या वर जात नाही याची खात्री करून घेतली. ज्यांच्या इन्व्हर्टरला असा खटका नाही आणि ज्यांचा आकडा १४.६ च्या पुढे जातो, त्यांनी तो इन्व्हर्टर लिथियमला जोडू नये.

‘बॅकअप दुप्पट’ हा दावा कागदावर मांडून पाहावा. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर म्हणजे १८०० वॅट-अवर. पण ती टिकवायची असेल तर अर्ध्यापर्यंतच वापरावी असे म्हणतात, म्हणजे हाती ९०० उरतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे सुमारे ११५०. वाढ झाली ती पावपटीच्या थोडी वर. दुप्पट वाटते, कारण आपण नव्या लिथियमची तुलना पाच वर्षे झिजलेल्या ट्युब्युलरशी करतो. दोन पंखे, चार दिवे, राउटर आणि टीव्ही मिळून २७५ वॅटचा लोड धरला आणि इन्व्हर्टरची तूट त्यात मिळवली, तर ही बॅटरी साडेतीन तास चालते. तेच दोन जुने पंखे काढून तीस वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर सव्वापाच तास. बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असे मी शेजाऱ्यांना आवर्जून सांगतो.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. इन्व्हर्टरवरचा बॅटरीचा दर्शक व्होल्टेज पाहून दांड्या दाखवतो, आणि लिथियमचे व्होल्टेज बराच काळ तेराच्या आसपास सपाट राहून शेवटी एकदम कोसळते. त्यामुळे दर्शक ‘भरलेली’ दाखवत असतानाच घरात अंधार होतो. ज्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे यंत्र बॅटरीवर चालते, तिथे बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजून शिल्लक सांगणारा शंट मीटर लावल्याशिवाय राहू नये.

‘दोन तासांत भरते’ हे बॅटरीच्या क्षमतेबद्दल खरे आहे, आपल्या घराबद्दल नाही. जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर दहा ते पंधरा अँपिअर देतो; शंभर भरायला त्याला सात ते दहा तास लागणारच. माझ्या दोन पॅनेलांतून पीडब्ल्यूएमवर भर उन्हात जास्तीत जास्त सोळा अँपिअर मिळत, कारण तो कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि तीनशे वॅटमधले जेमतेम सव्वादोनशे हाती लागतात. मात्र न्यायाने हेही सांगायला हवे की ढगाळ दिवसांत लिथियम खरोखर उजवी ठरते. ट्युब्युलर शेवटचा पाचवा हिस्सा भरताना तासन्‌तास रेंगाळते आणि आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे अर्धी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते. लिथियमला अर्धे राहण्याचा काहीही त्रास नाही. आमच्या कोकणात ती घेण्याचे हेच खरे कारण आहे.

दहा वर्षांच्या हिशोबात उष्णता विसरली जाते. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या हजारोंनी मिळतात, पण ज्या घरी आठवड्यातून एकदा वीज जाते तिथे फेऱ्या संपण्याचा प्रश्नच नसतो. तिथली बॅटरी म्हातारी होते ती पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत सतत काठोकाठ भरून ठेवल्याने. फ्लोट कमी ठेवायचा तो यासाठी.

आगीबद्दल : आयर्न फॉस्फेट ही लिथियमच्या जातींतली बरीच शांत जात आहे, आणि ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते तसा ती सोडत नाही. पण आतले द्रव्य ज्वलनशीलच असते, आणि शॉर्ट झाल्यास ही बॅटरी ट्युब्युलरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह एका झटक्यात देऊ शकते. वायरच्या जाडीला साजेसा डीसी फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ बसवणे हे ऐच्छिक मानू नये. घरातला नेहमीचा एसी एमसीबी तिथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी त्याला विझवता येत नाही.

जुनी बॅटरी समांतर जोडणे म्हणजे नव्या बॅटरीला जुनीची चाकरी लावणे आहे : विसाव्याला १३.३ व्होल्टवर असलेली लिथियम १२.७ वर विसावणाऱ्या ॲसिडच्या बॅटरीला रात्रंदिवस पाजत राहते, आणि दोघींना हवे असलेले चार्जिंग एकाच कंट्रोलरवर बसवता येत नाही. चोवीस व्होल्टच्या इन्व्हर्टरवरही बारा-बाराच्या दोन लिथियम ओळीने जोडण्याआधी त्यांचा बीएमएस तशा जोडणीसाठी आहे का हे लेखी विचारावे. आठ सेलची एकच २५.६ व्होल्टची बॅटरी घेणे अधिक चांगले.

राहिली भंगाराची गोष्ट. ट्युब्युलरमध्ये शिसे आणि गंधकाम्ल असते, आणि वजन कमी करण्यासाठी ॲसिड गटारात ओतून बॅटरी नेणारे लोक मी पाहिले आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्या यंत्रणेकडे देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. नवी घेताना जुनीची किंमत वजा करून मागावी, ती ॲसिडसकट उभीच न्यायला लावावी आणि बिलावर तशी नोंद करून घ्यावी.