डोळे स्वर्गाकडे, म्हणून हात रिकामे? एका आरोपाचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: ख्रिस्ती माणसाला सार्वकालिक सुखाचे वचन मिळालेले असल्यामुळे इहलोकीच्या कामात त्याचे मन नसते, अन्याय तो मुकाट्याने सोसतो, त्याची सेवा म्हणजे स्वर्गातील जागेसाठी भरलेली आगाऊ रक्कम असते आणि मरणाच्या दुःखावर तो दिलाशाचे पांघरूण घालतो. हे चारही आरोप एका दमात केलेले असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही.

पहिला आरोप कामाविषयीचा. तो नवा नाही. प्रभू येशूच्या पुन्हा येण्याची वाट पाहणाऱ्या, ग्रीसमधील थेस्सलनीका शहराच्या मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) काही जण उद्योगधंदा न करता लुडबुड करीत हिंडत होते, तेव्हा आद्य ख्रिस्ती प्रेषित पौलाने त्यांना सरळ लिहिले की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. त्याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आमच्याकडे दफनविधीच्या वेळी वाचतात. मृतांच्या पुनरुत्थानाचे ते दीर्घ विवेचन ‘तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ या आश्वासनावर संपते, आणि सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत यरुशलेमेतील गरजूंसाठी गोळा करायच्या वर्गणीचा विषय निघतो. पौलाला या दोन गोष्टींत अंतर वाटले नाही. चौथ्या शतकातील रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता. तरीही, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, शिवाय आपल्याही गरिबांना पोसतात, अशी कबुली त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात दिली आहे.

दुसरा आरोप, अन्याय मुकाट्याने सोसण्याचा, अधिक गंभीर आहे; ‘धर्म ही लोकांची अफू आहे’ हे कार्ल मार्क्सचे वाक्य त्याच्या जोडीला हमखास येते. 1844 साली प्रसिद्ध झालेल्या ज्या लेखात मार्क्सचे ते वाक्य आहे, त्याच परिच्छेदात धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासा असेही म्हटले आहे; फिरणाऱ्या मजकुरातून तेवढा भाग नेमका गळालेला असतो. असो. परलोकाचे आमिष दाखवून गुलामांना गप्प बसवले गेले, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कसे केले गेले, हे पाहण्यासारखे आहे. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. बायबलच्या 1,189 अध्यायांपैकी जेमतेम 232 अध्यायांमधला मजकूर तिच्यात ठेवला होता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा उपदेश तिच्यात आहे. इस्राएलांची मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून झालेली सुटका नाही आणि ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ यांचे वचन देणारे प्रकटीकरणाचे पुस्तकही नाही. सार्वकालिक आशा हीच जर गुलामीची अफू असती, तर छापणाऱ्यांनी ते पुस्तक सर्वांत ठळक टाइपात छापले असते. त्यांनी ते वगळले, कारण जिथे प्रत्येक अश्रू पुसला जाणार आहे आणि राजेसुद्धा न्यायासनासमोर उभे राहणार आहेत, त्या जगाची वाट पाहणारा माणूस आजच्या धन्याला अंतिम सत्ता मानत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुलींना उपासनेबरोबर विणकाम, छपाई आणि शेतीही शिकवली जाई. परलोकाच्या आशेने ज्यांना इहलोकाची शुद्ध राहत नाही, त्यांनी छापखाना कशाला घातला असता?

तिसरा आरोप, सौद्याचा, थोडक्यात निकालात निघतो. नव्या करारात तारण ही कृपा आहे आणि विश्वासणारा वारस आहे. वारसा मजुरीसारखा कमवावा लागत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान तर न्यायाच्या दिवशी गोंधळून विचारतात, ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले?’ हिशेब ठेवून सेवा करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आमच्या मंडळ्यांत पुण्याची वही मनात ठेवणारे लोक नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पण ती वही त्यांना बायबलने दिलेली नाही.

राहिला दुःखाचा मुद्दा. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे पौल लिहितो. शोकच करू नका, असे तो लिहीत नाही. मरण पावलेला मित्र लाजरस याला आता आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा, जिच्यावर संस्थेचा पुढचा भार होता, 1921 साली गेली. त्या वेळी आई थकलेली होती, ऐकू कमी येत होते, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे व्हायचे होते. एप्रिल 1922 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या ते काम करीत राहिल्या. मुलीच्या जाण्याचे त्यांना दुःख झाले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि दुःखामुळे काम थांबले असेही नाही.