मॅडमनी ग्रुपवर टाकलेला मेसेज

'नेल सलूनमधल्या केमिकलची भीती ही निव्वळ अफवा' असा एक मेसेज फिरतोय. पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. मला तो भाचीनं पाठवला. चार वर्षं ती नखांचंच काम करते. महिनाभर डोकं दुखतंय म्हणाली, पण सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. मी तिथल्या हवेबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, 'मावशी, हे वाच. मॅडमनीच टाकलंय ग्रुपवर.' वाचलं. आता तिच्या सलूनच्या मॅडमनीही हे वाचावं.

'मास्क लावला की एकही केमिकल नाकात जात नाही.' पाचांतला हा सगळ्यात घातक, कारण याच्या भरवशावर मुली दिवस काढतात. भाचीचा मास्क मी संध्याकाळी हातात घेऊन पाहिला. घड्यांमध्ये फाइलिंगची पांढरी पूड बसली होती. म्हणजे थोडी धूळ अडते, हे मान्य. पण त्याच मास्कला रिमूव्हरचा वास येत होता! रिमूव्हरमधलं ॲसिटोन, नेलपॉलिशमधलं टोल्युइन, खोट्या नखांसाठीच्या ॲक्रिलिकच्या लिक्विडमधलं इथाइल मेथाक्रिलेट यांची वाफ होते. वाफ म्हणजे सुटे रेणू. ज्या कापडातून श्वास आत जातो, त्यातून तेही जातात. एन-९५ सुद्धा कणांसाठी आहे, वाफेसाठी नाही. वाफ अडवायची तर सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो, आणि ते कार्ट्रिजही वेळोवेळी बदलावं लागतं. भाचीनं एकावर एक दोन मास्क लावूनही पाहिले. जीव दुप्पट गुदमरला, वाफ जायची ती गेलीच.

'बाटलीवर थ्री-फ्री लिहिलंय ना!' थ्री म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. कॅलिफोर्नियाच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागानं २०१२ मध्ये नखांची २५ उत्पादनं तपासली. 'टोल्युइन नाही' म्हणणाऱ्या १२ पैकी १० मध्ये टोल्युइन निघालं. 'तिन्ही नाहीत' म्हणणाऱ्या ७ पैकी ५ मध्ये तिघांतलं एक तरी होतंच, तेही नाव घेण्याजोग्या प्रमाणात. अहवाल जुना आहे, ठीक. पण लेबल म्हणजे तपासणी नव्हे, एवढं त्यातून कळतं. आणि लेबल खरं धरलं तरी ती तीनच गेली. ॲसिटोन कुठे गेलं?

'वास नाही म्हणजे वाफ नाही.' यात अर्धं खरं आहे, ते उलट्या बाजूनं. उग्र वास म्हणजे विषच असं नाही. इथाइल मेथाक्रिलेट अगदी थोडं असलं तरी नाकाला झोंबतं. पण वास नाही म्हणून हवा स्वच्छ, हे कुठून काढलं? नाक सरावतं. मला दारातच जो भपका येतो, तो भाचीला येतच नाही. जेल नेलपॉलिशला वास कमी असतो खरा, पण न सुकलेलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधे बसवायच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, तेव्हा पुढे दवाखान्यातही पंचाईत.

'गिऱ्हाइकांना काही होत नाही.' गिऱ्हाईक महिन्यातून तासभर बसतं. ही रोज आठ तास, तेही बाटलीवर वाकून.

'एसी आहे ना.' साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. वाफ बाहेर टाकायला टेबलापाशीच एक्झॉस्ट लागतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या इंटरनॅशनल मेकॅनिकल कोडमध्ये तर अंतरही दिलंय: केमिकल लावतात तिथून फार तर १२ इंच. छताजवळचा पंखा यात बसत नाही. तिथवर पोचायला वाफेला आधी भाचीच्या नाकावरून जावं लागतं.

तिच्या पायाशी एक उघडा डबा असतो. रिमूव्हरनं भिजलेले कापसाचे बोळे त्यात दिवसभर साठतात. झाकणाचा डबा मी तिला घेऊन दिलाय. एक्झॉस्ट मॅडमनी बसवायचाय.