कळलावी भांडणं लावत नाही

गौरी-गणपती आटोपले की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एक निरोप फिरतो. वर कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलाचा फोटो, खाली मजकूर. त्याचा गोषवारा असा: नावातच कळ असलेली ही वेल दारात लावली की घरात भांडणं होतात; ती डोंगरातली, मुंबईच्या हवेत तगत नाही; दिवाळीपर्यंत वाळली की मेली समजून कुंडी रिकामी करावी; तिला नुसता हात लागला तरी विष अंगात भिनतं; आणि कंद मात्र फेकू नये, सुकवून ठेवावा, अडलेल्या बाळंतिणीला आणि गाठींवर तो रामबाण आहे.

यंदा हे वाचून तळमजल्यावरच्या काकूंनी तीन वर्षांची वेल ऐन फुलात असताना उपटली. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा वेल कंपाउंडच्या भिंतीशी पडलेली होती आणि कंद काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, वर्तमानपत्रावर वाळत घातलेले होते. त्याच वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला सुंठीसाठी आलं वाळत होतं. ते पाहिलं आणि ठरवलं की या निरोपाला एकदा नीट उत्तर द्यायचंच.

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीच्या चुकांनी झाड जाईल, या चुकीने माणूस जाईल.

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर देतात त्या गोळीत हेच द्रव्य असतं, पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची, मोजून मापून केलेली. कंदाला माप नसतं. एका कंदात किती आणि दुसऱ्यात किती, हे घरात कुणालाच सांगता येणार नाही. कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. (म्हणूनच रोपांच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करायला वनस्पती-पैदासकार ते वापरतात.) शरीरात जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात तिथे त्याचा घाव आधी बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. पोटात गेल्यावर काही तास काहीच वाटत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ते थोडे ओसरले की माणूस बरा झाला असं वाटतं, आणि त्यानंतर मूत्रपिंड, हृदय, रक्त यांवर परिणाम दिसायला लागतो. यावर सहज मिळणारा उतारा नाही. शिजवल्याने हे विष मरत नाही, वाळवल्याने तर नाहीच. श्रीलंकेत हा कंद खाण्यातला कंद समजून खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

आयुर्वेदात ही वनस्पती आहे, हे खरं. पण ती उपविषांत गणलेली आहे आणि शोधन, म्हणजे विष कमी करण्याचे शास्त्रोक्त संस्कार, केल्याशिवाय वापरत नाहीत. निरोप लिहिणाऱ्याने ‘आयुर्वेदात आहे’ एवढं उचललं आणि ‘विष म्हणून आहे’ हे सोडून दिलं. बाळंतपणाचं तर बोलूच नये. ज्या काळी दवाखाना दोन डोंगरांपलीकडे होता त्या काळी सुइणी या कंदाचा लेप लावत. आज मुलुंडमध्ये कुणी तसं करायचं कारण नाही. चुकून पोटात गेला असेल तर घरी काढा, ताक, तूप काहीही न करता, उलटीची वाट न बघता सरळ रुग्णालय गाठायचं आणि उरलेला तुकडा किंवा झाडाचा फोटो बरोबर न्यायचा.

आता नावाचं. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावून देणे, हे आपण सगळे बोलतो. नारदालाही कळलाव्या म्हणतो. पण मराठीत कळ म्हणजे वेदनाही, आणि बाळंतपणाच्या त्या कळा. अडलेल्या बाईला कळा सुरू व्हाव्यात म्हणून वापरायची ती कळलावी, ही या नावाची जुन्या बायकांकडून ऐकलेली फोड. संस्कृत निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, हिचं एक नाव ‘गर्भनुत्’ असं आहे, म्हणजे गर्भाला ढकलणारी, आणि ते या फोडीशी जुळतं. तिथेच ‘कलिकारी’ हेही नाव सापडतं, आणि त्याचा अर्थ कलह करणारी असा लावता येतो, हे मी लपवणार नाही. पण त्याच झाडाचं दुसरं नाव ‘कलिहारी’ आहे: कलह हरण करणारी. एका अक्षरावर घरातली शांतता ठरत असेल तर कोणतं अक्षर धरायचं? तिची आणखीही नावं आहेत. लांगली आणि हलिनी, दोन्ही नांगरावरून, कारण कंद नांगरासारखा वाकलेला असतो. अग्निशिखा, फुलाच्या ज्वाळेवरून. आपल्याकडे खड्यानागही म्हणतात.

आणि आमच्या रायगडात हिला म्हणतात गौरीचे हात. तेरड्याच्या गौरीला याच फुलांचे हात करतात. माझी आई ते करायची, आजीही करायची. तमिळ संगम काव्यात बायकांच्या बोटांना या फुलाची, कांदळची, उपमा दिली आहे. डोंगर वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हीकडच्या माणसांना त्या वर वळलेल्या पाकळ्यांत बोटं दिसली. तमिळनाडूने तर हिला राज्यफूल केलं आहे, आणि झिंबाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे. जे फूल आपण गौरीचा हात म्हणून मखरात ठेवतो तेच आठ दिवसांनी भांडखोर कसं ठरतं? काकूंना मी हेच विचारलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, सुनेचं आणि माझं त्याच आठवड्यात वाजलं होतं.” घरात वाजतं तेव्हा बोट दाखवायला काहीतरी लागतं, हे मी समजू शकते. पण त्यासाठी वेल उपटायची नाही.

‘हात लागला तरी विष भिनतं’ हे खोटं आहे. पानाला, फुलाला हात लावल्याने विषबाधा होत नाही. होत असती तर कोकणात दरवर्षी गौरी सजवणाऱ्या बायकांचं काय झालं असतं? कंद हाताळताना मात्र हातमोजे घालावेत, चिकाने कातडीची आग होऊ शकते, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर टांगावी. आणखी एक सांगते, जे निरोपात नाही: फुलांपेक्षा शेंगांची काळजी करा. त्या उकलल्या की आत लालभडक बिया दिसतात आणि लहान मुलांना त्या गोळ्यांसारख्या वाटतात. घरात मूल असेल तर शेंग हिरवी असतानाच कापून टाका.

डोंगरातली वेल मुंबईत तगत नाही, या वाक्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ते बोलणारा माणूस आपल्याच डोंगराकडे पाठ करून बसलेला असतो. मुंबई डोंगराला लागूनच आहे. ठाण्याच्या येऊरला पावसाळ्यात जा, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाटेच्या कडेच्या झुडपांत बघा. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव दिलं, पण ती त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या कुंपणांवर चढत होती. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात ती समुद्राजवळही वाढते आणि डोंगरावरही. तमिळनाडूत तिरुप्पूर आणि दिंडीगुलकडे तर बियांसाठी तिची शेती होते. तिला थंड हवा नको आहे. तिला हवा आहे पाण्याचा निचरा. डोंगर-उतारावर चार महिने पाऊस कोसळतो पण पाणी थांबत नाही, मुळांपासून वाहून जातं. आपल्या खिडकीतल्या कुंडीत ते साचतं, कंद कुजतो, आणि आपण म्हणतो हवा मानवली नाही.

माझ्याकडे ही वेल अकरा वर्षं आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेच्या गॅलरीत. बारा इंची कुंडी, तळाच्या भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे. लाल माती, जाड रेती आणि जुनं कुजलेलं खत सारख्या प्रमाणात. कुंडीखाली बशी नाही, दोन विटा. मे अखेरीस कंद आडवा ठेवायचा, वर दोन-अडीच इंच माती. कंदाच्या दोन टोकांना प्रत्येकी एकच डोळा असतो. ते टोक मोडलं की त्या बाजूने कोंब येत नाही, म्हणून कंद अंड्यासारखा धरायचा. पाऊस लागला की कोंब वर येतो आणि ऑगस्टमध्ये फुलं.

आधाराबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांबून पीळ घेतं आणि पकडतं. त्या टोकाला जाड बांबू पकडता येत नाही. मी पहिल्या वर्षी बांबू रोवला होता. वेल सारखी घसरून पडायची. मग गॅलरीच्या ग्रिलला सुतळ्या बांधल्या आणि ती आठवडाभरात छातीइतकी वर गेली. मुंबईच्या खिडक्यांचे गज तिला अगदी सोयीचे आहेत.

फूल उमलताना हिरवं असतं, मग पिवळं, मग कडा तांबड्या, आणि शेवटी अख्खं लाल. आठवडाभर एकाच फुलाकडे रोज बघत राहावं. पाकळ्या मागे वळतात आणि बीजांडकोशाला धरलेली परागवाहिनी, म्हणजे पराग घेणारी दांडी, काटकोनात वळून बाजूला निघते, परागकोशांपासून दूर. फुलपाखरू किंवा सूर्यपक्षी आला तर पराग दुसऱ्या फुलावर जातात. उंच इमारतीत कुणी आलं नाही तर मऊ ब्रशने आपण करावं.

एखाद्या सकाळी पानं खाल्लेली दिसतील. त्याला नजर म्हणतात, निरोपात तेही होतं. नजर नाही, ती एका पतंगाची अळी आहे, पॉलिटेला ग्लोरिओसे. काळी, अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके. काडीने उचलून बाजूला करायची, औषध मारायची गरज नाही. कळलावीचं विष तिला बाधत नाही.

आणि आता वाळण्याचं. ऑक्टोबरमध्ये पानं खालून पिवळी पडायला लागतात, दिवाळीच्या सुमाराला वेल काठीसारखी होते. याचा अर्थ ती मेली असा घेऊन मुंबईत किती कुंड्या रिकाम्या झाल्या असतील! कळलावी बहुवर्षायू आहे. पावसाचे महिने ती जमिनीवर जगते, बाकीचे महिने जमिनीखाली. वेल वाढत असताना जुना कंद आकसतो आणि त्याच्या जागी नवा कंद भरतो. पानं पिवळी पडताना त्यांच्यातलं सत्त्व खाली उतरत असतं. म्हणून वेल आपण होऊन पूर्ण वाळेपर्यंत कापू नये. वाळली की जमिनीलगत कापावी, आणि पाणी बंद. अजिबात बंद. ‘बिचारीला तहान लागली असेल’ म्हणून घातलेलं तांब्याभर पाणीच तिला मारतं. मी कुंडी सावलीत, भिंतीशी सरकवून ठेवते. एका उन्हाळ्यात ती नेमकी वरच्या मजल्यावरच्या एसीच्या पाण्याखाली आली; थेंब थेंब पाणी दीड महिना पडत राहिलं आणि मे महिन्यात माती उकरली तर हाताला लगदा लागला. तेव्हापासून कुंडी ठेवण्याआधी मी वर बघते.

बी पेरूनही रोप येतं, पण उगवायलाच काही महिने लागतात आणि फूल यायला तीन-चार पावसाळे. ज्यांना धीर आहे त्यांनी जरूर करावं.

या निरोपाचं एक भावंडही फिरतं: ट्रेकला गेलात की कंद खणून आणा, फुकट मिळतो. कृपा करून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी फुलात असलेली वेल खणली की तिचा नवा कंद अर्धवट भरलेला असतो, तो बहुतेक वेळा तगत नाही. डोंगरावरची एक वेल कमी होते आणि घरात काहीच येत नाही. रोपवाटिकेत मे-जूनमध्ये कंद मिळतात, एखाद्या शेजाऱ्याकडेही मिळेल.

काकूंच्या वाळवणातले चार कंद मी त्याच संध्याकाळी उचलले. आलं त्यांना फेकून द्यायला लावलं, दोन्ही एकाच कागदावर होती म्हणून. तीन कंदांची टोकं मोडलेली होती. चौथा, छोटासा, शाबूत आहे. तो कोरड्या रेतीत ठेवला आहे. परवा काकू वर आल्या होत्या. तो जगला तर मे महिन्यात त्यांच्याच कुंडीत लावायचं ठरलं आहे, आणि सून कुंडीवर रंगाने लिहून देणार आहे: विषारी, खाऊ नये. दिवाळी ते मे पाणी घालू नये.