पत्र्यावर दगड, आणि सगळ्यांची बोटं दुसऱ्याकडे

रात्री अडीचला पत्र्यावर शेजाऱ्याचा दगड पडतो. मग तासभर शिव्या, एकाच चालीत. तुम्ही भिंतीत यंत्र बसवलंय, नळात विष कालवलंय, तुमची पोरं खोकून त्याला इशारे करतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास, माणसं ओट्यावर नाहीतर धाब्याच्या छतावर झोपतात. शेजार असा असेल तर दारं-खिडक्या लावून उकडत पडायचं. सकाळी बघावं तर वाळत घातलेल्या कुरडयांवर राख. वर गल्लीतला शहाणा सांगणार, "जाऊ द्या हो, आजारी माणूस आहे." अरे, आजारी आहे ना? मग दवाखान्यात न्या की!

घरच्यांचं उत्तर ठरलेलं. "त्याले बाहेरनं लागेल शे." भगत, उतारा, लिंबू, कोंबडं. यात वर्ष जातं, आणि स्किझोफ्रेनियाला, म्हणजे या भास-संशयाच्या मानसिक आजाराला, उपचार जितके उशिरा तितका तो हट्टी होतो. त्यातून कुणी जास्त हुशार निघाला तर चहातून गुपचूप या आजारावरच्या औषधाचे थेंब. त्या औषधांनी कधी कधी मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर जातात. याला इलाज असतो, पण तो द्यायला डॉक्टरला रुग्ण दिसायला तर हवा! आधीच "मला विष घालतायत" म्हणणाऱ्याची मान चहा पिल्यावर खरंच वाकडी झाली, की तो पुन्हा त्या घरचं पाणीही पीत नाही. स्वतः आजारी आहोत हेच न कळणं हा त्या आजाराचाच भाग आहे. "समजावून सांगा"वाल्यांनी हे एकदा डोक्यात घ्यावं.

ठाण्यात जा. "नातेवाईकांना आणा. तक्रार द्या, उचलून आत टाकतो." दोन्ही चूक! 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 100: मानसिक आजारामुळे जो स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरतोय त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं. लॉकअपमध्ये नाही. घरचेच हाल करत असतील, दुर्लक्ष करत असतील तर कलम 101. तिथे माहिती कुणीही देऊ शकतो, शेजारीसुद्धा. पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि 102 खाली दंडाधिकारी तपासणीसाठी 10 दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात.

पण अर्ज नीट लिहा, बाबांनो. "शेजारी वेडा आहे, बंदोबस्त करा" या अर्जाचं भजं बांधायला कागद होतो. तारीख, वेळ, काय डोळ्यांनी दिसलं तेवढंच: अमुक रात्री दगड, पत्र्याला भोक, तीन दिवस जेवण नाही, भर उन्हात उघड्यानं रस्त्यावर. आजाराचं नाव तुम्ही ठेवू नका. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आणि "साखळीनं बांधा" हे तर लिहूच नका, या कायद्यानं साखळीला बंदी आहे.

घरचे तयार झाले तर मार्ग सोपा. कलम 89: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीनं बोलणारा, बहुधा घरचाच माणूस) अर्ज, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसोपचार व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांची वेगवेगळी तपासणी, 30 दिवसांपर्यंत दाखल. कुठे, ते विचारा! ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, ही सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. खान्देशात एकही नाही. नंदुरबारहून बिथरलेल्या माणसाला गाडीत घालून ठाण्याला न्यायचं म्हणजे काय, हे नकाशावर बोट ठेवणाऱ्याला कळत नाही. म्हणून आधी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग गाठा. 14416 हा टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा क्रमांक फुकट आहे, घरच्यांनाही त्यावर बोलता येतं.

खरी माती पुढेच होते. महिन्यानं माणूस घरी येतो, शांत, दाढी केलेला. "बरा झाला" म्हणून गोळ्या बंद! काही आठवड्यांनी पुन्हा पत्र्यावर दगड. गोळ्या घेत नसेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनं असतात, डॉक्टरांना तोंडानं विचारा. लिथियमवर (मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं औषध) असेल तर आपल्या उन्हाळ्यात पाणी-मीठ तोडू नका, आणि आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मनानं देऊ नका. रक्तात लिथियम चढतं. हात थरथरणं, तोल जाणं, उलटी-जुलाब दिसले की "ऊन लागलं" म्हणून कांदा हुंगवत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

आणि तो काठी घेऊन दारात उभा असताना मोबाईल वर करून हसणाऱ्या पोट्ट्यांनो, फोन 112 लावायला असतो.