माळाला जंगल म्हणायचं का? मोहोळच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावर मी लिहिलेल्या ‘नान्नजचा माळ’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया आठवडाभर डोक्यात आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मोहोळ तालुक्यातले. मी ज्या ८,४९६ चौरस किलोमीटरच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याबद्दल अभिमानाने लिहिलं, त्या आकड्यात तुमच्या घरची कोरडवाहू जमीन होती. बहिणीच्या लग्नासाठी ती विकायला काढली तेव्हा हद्दीचा प्रश्न निघाला आणि व्यवहार मोडला. पुढे तुम्ही विचारलंय की ज्या जंगलात सावलीला उभं राहायला झाड नाही, त्याला जंगल कशाला म्हणायचं? आणि शेवटी, माळढोक तर गेलाच, उरलंसुरलं गवत मेंढरांनी संपवलं, आता तिथे झाडं लावा म्हणजे निदान पाऊस तरी येईल.

जमिनीच्या बाबतीत चूक माझी आहे. तो आकडा मी कौतुकाने लिहिला, त्याच्या आत राहणाऱ्या माणसांचा विचार न करता. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर फार मोठं होतं. आपला अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे निम्म्या जिल्ह्याहून मोठा हा आकडा. त्यात आपल्याकडचे करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा असे तालुकेच्या तालुके ओढले गेले. आत गावं होती, बागायती होती, रस्ते होते, रेल्वेमार्ग होता. वनखात्याच्या ताब्यातली जमीन मात्र तुकड्यातुकड्यांची. एवढी मोठी रेघ ओढण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. माळढोक एका कुरणात बसून राहणारा पक्षी नाही. आज नान्नजला दिसला, उद्या आणखी कुठे, आणि चरायला तो शेतातही उतरतो. पण पक्षी शेतात उतरतो म्हणून शेतच अभयारण्यात घालायचं आणि शेतकऱ्याच्या हक्कांचा निकाल वर्षानुवर्षं लावायचाच नाही, यातून जे व्हायचं ते झालं. ज्याच्या बांधावर पक्षी यायचा त्यालाच पक्षी नकोसा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हद्द १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आली. तोपर्यंत तुमच्या बहिणीचं लग्न कर्ज काढून झालं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मी काय बोलणार? लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे आणि त्या जागी हा सगळा तपशील घातला आहे.

सावलीला झाड नाही म्हणून ते जंगल नाही, हे मात्र मला अजिबात पटत नाही. आणि याच समजुतीने आपल्या माळाचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, तुमच्या जमिनीचंही.

तुम्ही कोरडवाहूवाले आहात, माती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. सीना-भीमेच्या काठाला काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. तिथे रब्बीची ज्वारी जानेवारीपर्यंत नुसत्या ओलीवर उभी राहते. काठ सोडून माथ्याकडे चढत गेलं की माती पातळ होत जाते, मुरूम लागतो, मग उघडा काळा पाषाण. त्या माथ्यावर वीतभर मातीत काय तगेल याचं उत्तर निसर्गाने फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. कुसळी, पवन्या, मारवेल आणि मधूनमधून बोराटी, बाभूळ, हिवर. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा परतीच्या वाटेवर सप्टेंबरात. तो येतो किंवा येत नाही ते पश्चिमेकडचे डोंगर आणि समुद्र ठरवतात. नान्नजच्या माळावर दहा हजार रोपं लावली म्हणून ढग वाट बदलत नाहीत.

गवताचा हिशोब वेगळा आहे. पहिल्या वळवाला ते हिरवं होतं, भाद्रपदात तुरे काढतं, दिवाळीनंतर सोनेरी होतं आणि उन्हाळ्यात वाळून जमिनीशी जातं. पाहणाऱ्याला वाटतं मेलं. ते खाली जिवंत असतं. गवताचा जीव त्याच्या मुळांत असतो आणि हीच मुळं पातळ माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात. माळ उघडा पडला की पहिल्या जोरदार पावसात ती वीतभर माती ओढ्याने सीनेला जाते आणि खालच्या गावच्या विहिरी लवकर तळ गाठतात.

मग याला ‘पडीक’ कुणी ठरवलं? जमाबंदीने. १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८३६ मध्ये इथून जवळच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी करून जमिनीची प्रत ठरवण्याची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाखाभर पसरली. तिच्या नजरेत जमीन म्हणजे सारा, जमिनीवरचा कर. जी नांगराखाली नाही, सारा देत नाही, ती पडीक. तिच्यावर मेंढरं जगतात, गावाचं सरपण आणि वैरण निघते, याची नोंद साऱ्याच्या रकान्यात कुठे करणार? १८७८ च्या वन कायद्याने अशा सरकारी जमिनी राखीव करायची वाट मोकळी झाली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या भागाला फार जबर बसला होता. माणसं मेली, त्याच्या आधी जनावरं मेली. चाऱ्याची किंमत तेव्हा दिसली, पण कागदावरचा ‘पडीक’ शब्द पुसला गेला नाही. तो आजही आहे. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत देशभरातली गवताळ मैदानं बिनकामाची जमीन म्हणून रंगवली जातात. आणि देशाचं वनक्षेत्र मोजताना एक हेक्टरवर किमान दहा टक्के झाडोरा दिसला तरच ती जागा वनाच्छादित धरतात. या मापाने आपल्या जिल्ह्याचं वनाच्छादन एक टक्क्याच्याही खाली आहे. नान्नजचं उत्तम कुरण या हिशोबात शून्य, आणि कुणी दाट लावलेली सुबाभूळ मात्र जंगल.

आता नान्नजचीच गोष्ट घ्या, कारण तिच्यात हे दोन्ही बाजूंनी दिसतं. १९७२ चा दुष्काळ पडला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम आला आणि त्यातून माळाचे काही तुकडे चराईसाठी बंद करून तिथे चर खणले, गवत राखलं. दोन-चार पावसाळ्यांत गवत उठलं आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात इथे राहून त्याचा अभ्यास केला. पावसाळ्यात नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पांढरी पिशवी पायांपर्यंत फुगवायचा आणि ‘हूम’ असा घुमारा काढायचा. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. एका वर्षात एक. तिला चारी दिशांना लांबवर दिसावं लागतं, कारण तिच्या अंड्याला दुसरं संरक्षणच नाही.

आणि त्याच तुकड्यांमध्ये आपण झाडंही लावली. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ. जगवलेली झाडं मोठी झाली, दाट झाली, आणि ज्या पक्ष्याला मोकळी नजर हवी त्याच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहिली. ज्या खात्याच्या राखणीने गवत आलं, त्याच खात्याच्या रोपांनी ते झाकलं. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. वनीकरण म्हणजे वृक्ष लावणे असंच सगळ्यांना शिकवलं गेलं होतं.

मलाही तेच शिकवलं होतं. राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालली होती, २०१६ ला दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य. त्यातल्या एका जुलैत मी शाळेतली मुलं घेऊन एका गायरानावर गेले होते. खड्डे घेताना पवन्याचे ठोंब उपटून आम्ही बांधावर फेकले, कारण ते ‘तण’ होतं. एका मुलाने विचारलं, बाई, हे पण झाडच ना? मी त्याला म्हटलं, ते गवत आहे, आपण झाडं लावतोय. दोन उन्हाळ्यांनी मी परत गेले तेव्हा रोपं वाळली होती आणि खड्ड्यांभोवतीच्या मुरमावर गवतही नव्हतं. त्या मुलाचा प्रश्न मला आजही टोचतो, आणि तुम्ही ‘झाडं लावा’ म्हणालात तेव्हा तो पहिल्यांदा आठवला.

मेंढरांबद्दलही तुम्ही थोडा अन्याय करताय असं वाटतं. तुमच्याच शिवारात सुगीनंतर धनगर वाडा बसवतात की नाही? रात्रभर वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवली की त्या रानाला विकतच्या खताची गरज कमी लागते, हे तुमचे वडील मला जास्त चांगलं सांगतील. माळ आणि मेंढरू एकत्रच वाढले आहेत. आणि लांडगासुद्धा. आपल्या माळावरचा लांडगा मेंढरांच्या कळपामागे फिरतो, त्यातलं एखादं कोकरू उचलतो आणि मेंढका चिडतो, पण दोघं पिढ्यान्पिढ्या एकाच माळावर जगत आले. अति चराईने गवत संपतं हे खरं. पण बारा महिने कुलूप घातलं तरी गवत जुनाट, राठ होऊन त्याचा जोर जातो. पाळीपाळीने चराई आणि पाळीपाळीने बंदी हा मधला मार्ग जाणकारांनी कधीच सांगितला आहे. अडचण अशी की एकेक गायरान संपलं, कुठे इमारत, कुठे सौरऊर्जेची पाटी, कुठे रोपवन. मग उरलेल्या तुकड्यावर सगळी मेंढरं येतात आणि दोष मेंढक्याच्या माथी.

माळ कशाने आटला ते पाहायचं तर नान्नजच्याच रस्त्याने जा. ज्या गावाचं नाव आपण पक्ष्यामुळे घेतो, त्याच गावच्या मातीत सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षाची वाणं निघाली. कष्टाने मिळवलेलं यश आहे ते, मला त्याचा आनंदच आहे. तिकडे उजनीचं पाणी आलं, ऊस आला. ज्वारी-हरभऱ्याच्या उघड्या रानात माळढोक टोळ टिपायचा, द्राक्षाच्या मांडवाखाली तो उतरू शकत नाही. विजेच्या ताराही वाढल्या. अंगाने जड आणि समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी तारांवर आदळून मरतो, राजस्थानात तेच सगळ्यात मोठं कारण आहे.

‘पक्षी गेला, आता जमीन सोडा,’ असं म्हणणारेही आहेत. देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले, बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजला अलीकडे एखादी मादी दिसली तर दिसली. पण जैसलमेरकडे २०१९ पासून प्रजनन केंद्र चालू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही झालं. त्या पिल्लांची पिल्लं कधी इकडे आणायची झाली तर ती उतरवणार कुठे? सुबाभळीत? आणि एक पक्षी सोडला तरी माळ रिकामा होत नाही. काळवीट आहेत, खोकड हा छोटा कोल्हा आहे, धाविक, चंडोल हे पक्षी आहेत. थंडीत मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री याच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. त्यांच्यासाठी तुमची खासगी जमीन नको, हे मी आज तुमच्यामुळे स्पष्ट लिहिते. जी आधीच सरकारची आहे, तेवढ्या माळावर गवत राहू द्या, एवढंच मागणं आहे.

शेवटी एक विनंती. वडिलांनी लहानपणी भुईमुगाच्या रानात माळढोक पाहिला होता, असं तुम्ही रागाच्या भरात ओघाने लिहून गेलात. कोणत्या शिवारात, साधारण कोणत्या साली, एकटा होता की आणखी होते, त्यांच्याकडे त्याला काय म्हणायचे, एवढं त्यांना विचाराल का? मोहोळकडच्या अशा आठवणी मला लिहून ठेवायच्या आहेत. फोनवर नको, दिवाळीनंतर मी स्वतः येते.