रॉझवेलचा कागद, लाडबोरीचं कडं

मुंबईला फोन लावला की हल्ली उडत्या तबकड्यांचा विषय निघतोच. जुलै २०२३मध्ये डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं की कोसळलेली परग्रही यानं सरकारच्या ताब्यात आहेत. तेव्हापासून दादरच्या आमच्या मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, शपथेवर कोण खोटं बोलेल? दुसरा 'थोतांड' म्हणून मोकळा होतो.

मी न्यू मेक्सिकोत राहतो. १९४७च्या उडत्या तबकडीच्या गोष्टीने गाजलेलं रॉझवेल इथून गाडीने तीनेक तासांवर आहे. मला दोघांचंही पटत नाही. ग्रश यांचं यानांबद्दलचं म्हणणं इतरांकडून ऐकलेलं होतं, आणि मार्च २०२४च्या अहवालात संरक्षण खात्याने अशा यानांचा कसलाही पुरावा नसल्याचं सांगितलं. पण नुसतं थोतांड म्हटल्याने तपास होत नाही. रॉझवेलचा तपास झाला तो कागद धुंडाळून.

१९४७च्या उन्हाळ्यात मॅक ब्रेझल या पशुपालकाला माळावर काही अवशेष सापडले. ८ जुलैला रॉझवेलच्या हवाई तळाने 'उडती तबकडी हाती लागली' असं जाहीर केलं आणि लगेच शब्द फिरवला: हवामानाचा फुगा होता म्हणे. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात ब्रेझलने सांगितलेलं वर्णन छापलं आहे. रबराच्या पट्ट्या, चांदीचा कागद, काटक्या, फुलांची नक्षी असलेली चिकटपट्टी. सगळ्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलो. कोसळलेल्या यानाचं हे वर्णन कुणाला वाटेल?

तरीही सरकार खोटं बोललंच होतं. एका खासदाराने पाठपुरावा केल्यावर १९९४मध्ये हवाई दलाने मान्य केलं की ते अवशेष बहुधा 'मोगल' या गुप्त प्रकल्पाचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी फुग्यांच्या लांबलचक माळा सोडल्या जात. म्हणजे काहीतरी दडवलं जातंय हा लोकांचा संशय खरा होता, फक्त दडवलेली वस्तू वेगळी होती. हे आधी कबूल करावं, मग पुढचं बोलावं. १९९७च्या दुसऱ्या अहवालाने परग्रहवासीयांच्या मृतदेहांच्या गोष्टी पॅराशूट-चाचणीच्या बाहुल्यांवर ढकलल्या. ते स्पष्टीकरण मला लंगडं वाटतं, कारण त्या बाहुल्या १९५०च्या दशकातल्या. तळावरून त्या काळात गेलेले संदेश नष्ट झाल्याचंही सरकारी लेखापरीक्षकांना आढळलं. सत्तेचाळीस वर्षं गप्प बसल्यावर लोकांनी काय विश्वास ठेवायचा? आज रॉझवेलमध्ये संग्रहालय आहे, रस्त्यावरच्या दिव्यांनाही परग्रहवासीयांचे डोळे आहेत.

आता घरचं बघा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. उड्डाणाआधी ते जाहीर सूचना काढतात: अमुक जिल्ह्यांत उपकरणं उतरतील, हात लावू नका, पोलिसांना कळवा. त्यात आपल्या मराठवाडा-विदर्भातले जिल्हेही असतात. डिसेंबर २०२२मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात शेतात एक भलीमोठी कुपी (कॅप्सूल) उतरली आणि गावं लोटली. ती एका स्पॅनिश कंपनीची, याच केंद्रातून सोडलेल्या फुग्याची निघाली. अमेरिकेला ज्यासाठी सत्तेचाळीस वर्षं लागली ते इथे लगोलग उलगडलं, कारण मुळात लपवाछपवी नव्हती. हे मला मोठं वाटतं, आणि मुंबईतल्या वादात याचा उल्लेखही नसतो याचं वाईट वाटतं.

आणि लाडबोरी? २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भ-खानदेशाच्या आकाशात जळते पट्टे दिसले, चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात धातूचं मोठं कडं पडलं, आसपास गोळे सापडले. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तो टप्पा असावा असं अभ्यासकांनी सांगितलं, इस्रोची माणसंही येऊन गेली. १९४७च्या रॉझवेलवर तासन्‌तास भांडणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानेही या कड्याच्या तपासात काय निघालं ते विचारलेलं नाही.

माहितीचा अधिकार महाराष्ट्राने २००२मध्येच आणला, देशाने २००५मध्ये. केंद्र सरकारकडे अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे आणि महाराष्ट्रातून तो मराठीतही करता येतो. दोन्ही तटांनी मिळून तो अर्ज टाकावा. कड्याची मोजमापं, धातू, कोणत्या रॉकेटचं हे कशावरून ठरलं, सगळं मागावं. उत्तर आलं की मला जरूर पाठवा, मी इथल्या मंडळींना वाचून दाखवेन.